नवं व्हायच्या आधीचा भात

शहापूरहून मुरबाडकडे निघालं की सापगावचा पूल ओलांडल्यावर हवा बदलते. एरवी हे माझ्या लक्षातही येत नाही. गेली नऊ वर्षं मी याच रस्त्याने स्कूटरवरून कामाला जाते, आणि रोजच्या रस्त्याकडे कोण बघत बसतं. पण दसऱ्याच्या पुढेमागे चार-सहा दिवस असे येतात, की पूल संपतो न संपतो तोच कापलेल्या भाताचा वास हेल्मेटच्या काचेखालून आत शिरतो. ओलसर, गोडसर, थोडा मातकट. दोन्ही बाजूंच्या खाचरांत हळवं भात कापून आडवं पसरलेलं असतं; लवकर तयार होतं त्याला आमच्याकडे हळवं म्हणतात. बायका ओळीने वाकलेल्या असतात, बांधावर कुणाची तरी पाण्याची बाटली आणि कडेला काढून ठेवलेल्या चपला. लहानपणी मुरबाडला हा वास आला की मला भूक लागायची. आता मी श्वास रोखून खाचरं मागे टाकते.

गेल्या वर्षापासून हे असं झालं आहे. यंदा वाटलं होतं, वर्ष गेलं, थोडं कमी झालं असेल. परवा पूल ओलांडला आणि कळलं की काही कमी झालेलं नाही. स्कूटर बाजूला घेऊन पाच मिनिटं उभी राहिले. एका शेतकरी बाईने हात वर करून विचारलं, पेट्रोल संपलं का बाई. मी मान हलवली आणि पुढे निघाले.

मी स्वयंपाक शिकवते. हे सांगितलं की लोकांना हसू येतं; स्वयंपाक काय शिकवायची गोष्ट आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. आमची संस्था लहान आहे. हॉटेलांत लागणारा स्वयंपाक आणि वाढप यांचा दीड वर्षाचा अभ्यासक्रम, वर पत्र्याचं छप्पर, आठ शेगड्या, आणि शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांतून येणारी वीस-बावीस मुलंमुली. माझी नेमणूक कंत्राटावरची, दर वर्षी दिवाळीच्या आसपास तिचं नव्याने ठरतं. त्यामुळे भात कापणी, मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा आणि माझ्या पोटापाण्याचा निकाल, हे सगळं माझ्या आयुष्यात एकाच पंधरवड्यात येतं.

मुलं येतात तेव्हा गॅसला भितात. चुलीतलं लाकूड मागेपुढे करून आच सांभाळणाऱ्या मुली, पण निळी ज्योत भस्सकन पेटली की दोन पावलं मागे सरतात. डोक्यावरची उंच पांढरी टोपी त्यांच्या तेल लावलेल्या केसांवर ठरत नाही. पायात काळे बूट सक्तीचे. पहिल्या महिन्यात निम्मी मुलं लंगडत असतात. गाजराच्या बारीक काड्यांना आम्ही जे फ्रेंच नाव शिकवतो, ते मुलं वहीत देवनागरीत तीन तऱ्हांनी लिहितात. मी हसते, रागावते, पुन्हा लिहून घेते. रागावते जास्त. माझा आवाज आमच्या पत्र्याखाली फार घुमतो, असं प्राचार्य म्हणतात.

आणि चव. चव घेण्यावर माझा सगळा भर. दोन चमचे ठेवायचे, एकाने पातेल्यातून काढायचं, दुसऱ्यात ओतून तोंडात घालायचं, तो चमचा बाजूला टाकायचा. पहिल्या दिवशी ही मुलं माझ्याकडे असं बघतात, जणू मी त्यांना काही भलतंच करायला सांगते आहे. वाढायच्या आधी स्वयंपाक करणारीने तोंड लावायचं? घरी कुणी असं केलं तर आया पाठीत धपाटा घालतील. मी सांगते, हे घर नाही, हा धंदा आहे. पाहुण्याच्या तोंडात पहिला घास जायच्या आधी तुमच्या तोंडात गेला पाहिजे. हळूहळू सवय होते. भारतीलाही झाली होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर सगळे म्हणाले की पोरीला चव घ्यायची शिस्तच लागली नव्हती.

भारती उंबरमाळीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात असलेल्या एका पाड्यावरची. वडिलांचा वनजमिनीचा एक तुकडा, त्यात चार महिने पुरेल इतकं भात. दिवाळी झाली की सगळं घर वीटभट्टीवर. ती आमच्याकडे आली तेव्हा अठरा वर्षांची होती, बोलायची फार कमी. तिचे हात मात्र बघत राहावं असे. तांदूळ मुठीत घेऊन ती किंचित दाबायची आणि पाणी किती लागेल ते सांगायची. वजनकाटा नंतर तेच सांगायचा. मीठ ती मुठीने घालायची. चिमूट नाही, मूठ. चार बोटं वळवून, जेवणाऱ्यांची डोकी मोजून. मी ते मोडून काढलं. प्रत्येक गोष्ट आधी तोलायची, वेगवेगळ्या वाट्यांत मांडून ठेवायची, मग शेगडी पेटवायची. ती निमूट शिकली. वाट्या अशा ओळीत मांडायची की मी इतरांना बोलावून दाखवायची.

तिच्या वडिलांची आणि तिची बोलणी झाली होती, ती तिने मला एका दुपारी भांडी पुसताना सांगितली. घाटाखालच्या हॉटेलात जागा होती, राहायची सोय होती. पास झाली तर तिकडे जायचं. नाही झाली तर दिवाळीनंतर घरच्यांबरोबर भट्टीवर, आणि मग पुढचं काही बोलायचं नाही. वडील वाईट नव्हते. दीड वर्ष त्यांनी घरचा एक कमावता हात शिकायला मोकळा ठेवला, तेवढंच त्यांच्याने होण्यासारखं होतं. हॉटेलच्या मॅनेजरांनी तिचं काम दोनदा येऊन पाहिलं होतं. फक्त प्रमाणपत्र हवं, म्हणाले. सगळं त्या एका दुपारच्या जेवणावर येऊन थांबलं होतं.

आमची शेवटची परीक्षा म्हणजे जेवणच असतं. मुलं बारा पाहुण्यांसाठी रांधतात आणि वाढतात. वर्गाची बाकं बाहेर काढून टेबलं जोडायची, त्यांवर धुतलेल्या चादरी, मध्ये झेंडूची वाटी. पाहुण्यांत गावातले चार प्रतिष्ठित, एखादे बँकेतले साहेब, हॉटेलवाले, प्राचार्य आणि बाहेरून आलेले परीक्षक. शिकवणाऱ्या बाईने त्या दिवशी स्वयंपाकघराची पायरी चढायची नाही. तिने पाहुण्यांत बसायचं आणि जेवायचं. वरकरणी हा मान आहे. मला विचाराल तर यासारखी शिक्षा नाही. आत काय चाललं आहे ते फक्त वासावरून कळतं. फोडणीत हिंग आधी पडला की ओवा, कुणाचं तळाला लागतं आहे, सगळं नाकाला समजतं आणि आपण मात्र मांडीवर रुमाल पसरून बँकेच्या साहेबांशी पावसाबद्दल बोलत असतो.

गेल्या वर्षी परीक्षक मुंबईहून येणार होते. मोठ्या हॉटेलांत आयुष्य काढलेले. मला हुरूप आला. हुरूप कसला, मिरवायची हौस आली. म्हटलं, यांना तेच ते पनीर नको. आपल्या भागातलं काही खिलवू. वालाचा भात. मोड आणून सोललेले वाल, ओव्या-हिंगाची फोडणी, आमसूल, गुळाचा खडा, वर ओलं खोबरं. आणि तांदूळ नवा, आठ दिवसांपूर्वी शेतात उभा असलेला. त्याचा वास त्यांना मुंबईत जन्मात मिळाला नसेल. नियमाप्रमाणे परीक्षेचं सगळं सामान संस्थेच्या कोठीतूनच घ्यायचं असतं, बाहेरचा दाणा चालत नाही. कोठीत जुना तांदूळ होता. मी भारतीला व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि सांगितलं, तुमचं हळवं कापून झालं असेल ना, त्यातला दोन किलो कांडून आण. कुणाला बोलू नकोस.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग "आनते," म्हणाली.

त्या थोड्या वेळाकडे मी नंतर किती वेळा परत गेले असेन. मुलांचे चेहरे मला वाचता येतात, असा माझा ताठा होता. मला वाटलं, नियम मोडायचा म्हणून बावरली असेल. मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्या कामाला लागले.

खरं म्हणजे मला कळायला हवं होतं. मी काही परदेशातून आलेली नाही. मुरबाडला आमच्या घरीही नवं केल्याशिवाय नवा तांदूळ कुणी तोंडात घालत नसे. घरातला थोरला माणूस नव्या भाताचा घास देवाला आणि वाडवडिलांना ठेवणार, मगच बाकीच्यांनी खायचं. तोवर तो भात कापा, झोडा, कांडा, विकासुद्धा, पण जिभेला लावायचा नाही. सात-आठ वर्षांची असताना मी खळ्यावर बसून लोंबीतले चार दाणे नखाने सोलून खाल्ले होते. दुधाळ, किंचित तुरट. आईने पाहिलं. मारलं नाही, हाताला धरून विहिरीवर नेलं आणि तीन चुळा भरायला लावल्या. तिसरी चूळ थुंकेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. पुढे भाऊ नोकऱ्यांना लागले, शेत गेलं, तांदूळ दुकानातून यायला लागला आणि दुकानातल्या तांदळाचं कसलं नवं नि कसलं जुनं. मी विसरले. इतकी साधी गोष्ट मी विसरले, आणि हळहळ वाटते ती या विसरण्याचीच जास्त.

भारतीच्या घरी नवं व्हायचं होतं. तिचा थोरला काका ते करायचा आणि तो कुठे बाहेर कामावर अडकला होता. तिने तांदूळ आणला, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून. कोंड्याचा वास येत होता त्याला. मी गाठोडं उघडून नाकाशी धरलं आणि तिच्यादेखत म्हटलं, काय सुरेख आहे. तिने मान खाली घातली.

परीक्षेची दुपार. पत्रा तापलेला, पंखे घरघरत होते. मुलं पांढऱ्या कोटांत, डावा हात पाठीमागे, उजव्या हाताने पाणी ओतताना ओठ घट्ट मिटलेले. कुळथाचं कढण आलं, चांगलं होतं. परीक्षकांनी मान डोलावली. मग वालाचा भात आला. मोठ्या परातीत, झाकण काढलं तसा वाफेबरोबर तो वास टेबलभर पसरला आणि सगळ्यांचं बोलणं थांबलं. नवा तांदूळ पाणी कमी पितो, अंदाज चुकला तर गिचका होतो. हिचा शिताला शीत सुटं. वर खोबरं, कोथिंबीर. हॉटेलचे मॅनेजर माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, झालं, जिंकली पोरगी.

पहिला घास घेतला. मीठ नव्हतं.

कमी नव्हतं, नव्हतंच. वालाची कडसर चव तेवढी जिभेवर उरली. मी घास तसाच तोंडात धरून बसले. नजर आपोआप टेबलाच्या मध्यावर गेली. मिठाची दाणी तिथे नसते. परीक्षेत ती मुद्दाम ठेवत नाहीत. पाहुण्याला मीठ मागावं लागलं की चवीचे गुण शून्य, हा गुणपत्रिकेतला एक रकाना. दुसरा रकाना, स्वयंपाक करणाऱ्याने चव घेतली होती का. दोन्ही गेले की नापास. मी हे रकाने मुलांकडून घोकून घेतलेले.

पुढची पाच-सात मिनिटं मी जे केलं, ते कुणाला सांगण्यासारखं नाही. वाढणाऱ्या मुलीला डोळ्याने खुणावलं आणि लोणचं पुन्हा फिरवायला लावलं. पापड फिरवायला लावले. बँकेच्या साहेबांना म्हटलं, वालाच्या भातावर लिंबाचं लोणचं फार छान लागतं, घ्या ना. त्यांनी घेतलं. मॅनेजरांनी घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. परीक्षक खाली बघून सावकाश खात होते. मी स्वतः तो भात भराभर संपवत होते, जणू माझं ताट रिकामं झालं की परातही रिकामी होणार होती. मनात एकच धोशा, कुणी मागू नका. देवा, कुणी मागू नका. फक्त ताक येऊ दे आणि हे ताट उचलू दे.

माझ्यासमोर गावातले एक निवृत्त गुरुजी बसले होते. मुलांचं कौतुक करणारे, दर वर्षी हौसेने येणारे. त्यांनी प्रेमाने वाढणाऱ्या मुलीकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरी, भात फार छान झालाय. जरा मीठ आणतेस?"

त्यांच्यावर राग धरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. धरता येत नाही. त्यांना त्या रकान्याचं काही ठाऊक नव्हतं.

परीक्षकांनी चमचा खाली ठेवला, पेन काढलं आणि भात कुणी केला ते विचारून भारतीला बाहेर बोलावलं. ती आली. टोपी सरळ, हात पुसलेले. चेहऱ्यावर काहीच नाही, कारण तिला अजून काही माहीत नव्हतं. परीक्षक भले गृहस्थ होते, हळू आवाजात बोलणारे. त्यांनी विचारलं, "भाताची चव घेतली होतीस का, बेटा?"

ती माझ्याकडे बघायला लागली. हो म्हण, असं मी डोळ्यांनी सांगत होते. मी, जिने या मुलांना दीड वर्ष खरेपणाची भाषणं दिली. हो म्हणाली असती तर एका रकान्याचे गुण गेले असते, दुसऱ्यावर निभावलं असतं.

"नाय, सर."

"का बरं?"

"आमचं नवं व्हायचंय अजून."

परीक्षकांना अर्थ लागला नाही. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "म्हणजे काय, मॅडम?"

प्राचार्य माझ्या डाव्या हाताला बसले होते. माझ्या कंत्राटाचा कागद त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडलेला होता, ते मला सकाळीच कळलं होतं. दोन वाक्यं पुरली असती. सर, तो नवा तांदूळ आहे आणि घरी देवाला दाखवल्याशिवाय ही तो चाखणार नाही. आणि सर, तो तांदूळ नियम मोडून मी तिला आणायला लावला. दुसऱ्या वाक्याशिवाय पहिलं अर्धवट राहिलं असतं; नवा तांदूळ कोठीत आला कुठून, हे कुणीही विचारलं असतं. ही वाक्यं मी आता हेल्मेटच्या आत, सापगावपासून संस्थेपर्यंत, स्पष्ट उच्चारांत म्हणू शकते. त्या दुपारी मी हसले आणि म्हटलं, "काही नाही, सर. त्यांच्यात असतं काहीतरी."

त्यांच्यात. विहिरीवर तीन चुळा भरलेल्या तोंडाने मी हा शब्द उच्चारला.

परीक्षकांनी मान हलवली आणि लिहिलं. भारती आत गेली. ताक आलं, खीर आली, मुलांनी टाळ्यांमध्ये रांगेत उभं राहून नमस्कार केला. ती तिसरी उभी होती. गुरुजींनी सगळ्यांना आशीर्वाद दिला.

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. भांडी घासायला काढताना मोठ्या झाकणाखाली एक वाटी निघाली, काठापर्यंत मीठ. तोलून मापून ठेवलेलं, एक दाणा इकडेतिकडे नाही. झाकण तिच्यावर पालथं ठेवलं गेलं होतं आणि घाईत ती दिसलीच नव्हती. मुठीने मीठ घालणाऱ्या हाताला मीच वाटी शिकवली, आणि वाटी चुकली तर जीभ सांगते, त्या जिभेलाही मीच कुलूप घालायला लावलं. भारती वाटीकडे बघत उभी राहिली. रडली नाही. वाटी उचलून मीठ बरणीत परत ओतलं, वाटी विसळली आणि जागेवर ठेवली. मी तिला म्हटलं, पुढच्या खेपेला बघू. तिने मान डोलावली. पुढची खेप म्हणजे माघात होणारी फेरपरीक्षा. दिवाळी आणि माघ यांच्यामध्ये काय होतं, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

निकाल लागला, माझ्या कागदावर सही झाली. हॉटेलची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. दिवाळीनंतर पाचव्या दिवशी फेरपरीक्षेचा अर्ज घेऊन मी उंबरमाळीला उतरले आणि डोंगर चढून पाड्यावर गेले. दाराला बाहेरून दोरीने काटेरी फांदी बांधलेली होती. अंगणात कोंबड्यांची रिकामी पाटी उपडी पडली होती. शेजारच्या म्हातारबाने सांगितलं, परवा ट्रक आला, गेली समदी. कुठे, तर मुरबाडच्या अंगाला कुठल्याशा भट्टीवर. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. समोरच्या खाचरात कापलेल्या भाताचे खुंट उभे होते. वाटलं होतं रडू येईल, पण आलं नाही. अर्जाची घडी उलगडून पुन्हा घातली आणि डोंगर उतरले.

आता पुन्हा तेच दिवस आहेत. यंदाच्या परीक्षेचा बेत मी लिहून दिला आहे. भाजी, पोळी, साधा वरण-भात, कोठीतला तांदूळ. प्राचार्यांनी विचारलं, तुमचा तो नेहमीचा उत्साह कुठे गेला. गेल्या आठवड्यात त्यांनी आणखी एक विचारलं. गेल्या वर्षी राहिलेल्या मुलांना या महिन्यात अखेरची संधी आहे, त्यानंतर नाव कायमचं काढावं लागेल. भारतीचं काय करायचं? मी म्हटलं, विचारून सांगते.

विचारायला किती लागतं. ती सध्या घरीच असणार, कापणी चालू आहे. फोन लागत नाही, पण शहापूरहून उंबरमाळी काही लांब नाही, आणि पुढे तासाभराची चढण. रविवारी जाते म्हटलं, गेले नाही. काल सुट्टी होती, कपाटं आवरत बसले. नाव पाठवायला चार दिवस उरले आहेत. चार दिवसांत मी चार वेळा जाऊन येईन. रोज सकाळी स्कूटर काढते, आणि ती मुरबाडच्या रस्त्यालाच वळते. नवऱ्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, एवढं काय, जा आणि सांगून टाक एकदाचं, माफी माग. त्याला वाटतं, ती रागावली असेल म्हणून मी जायला घाबरते. तसं असतं तर मी कधीच गेले असते.

गेल्या पौषात मी तिला एकदा भेटले आहे. म्हसा गावच्या जत्रेचे दिवस होते. मुरबाडच्या स्टँडवर घोंगड्या घेतलेली, बैल बघायला निघालेली माणसं दाटली होती. त्यांच्यातून वाट काढत मी म्हशाच्या रस्त्याला लागले आणि विचारत विचारत नदीकाठच्या भट्टीवर पोचले. अर्ज पर्समध्ये होता. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं, पाठ केलेलं होतं. भारती मला लांबूनच दिसली. डोक्याला फडकं, भुवयांवर लाल धूळ, ओल्या विटा उन्हात उलट्या करत होती. मला बघून ती पळत आली, पोतं झटकून बसायला दिलं, मडक्यातलं पाणी आणलं. ग्लास तीन-चतुर्थांश भरलेला होता आणि तिचा डावा हात पाठीमागे होता.

मी अर्ज काढला. तिने तो हाताला धूळ होती म्हणून हातात घेतला नाही, वाकून वाचला. मग म्हणाली, आता कशी येऊ, आमची जोडीनं कामं असतात, एक मानूस गेला का सगळ्यांचं थांबतं. हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मी अर्ज परत ठेवला. आता बोलायचं, असं मनाशी म्हटलं. तोंड उघडलंसुद्धा.

पण तीच आधी बोलली. इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून. कितीतरी दिवस तिला हे विचारायचं असावं.

"मॅडम, माज्यामुलं तुमाला कोन काय बोललं नाय ना?"

मी तिच्याकडे बघितलं. ती खरंच काळजीत होती.

"नाही गं," मी म्हटलं. "मला कुणी काही बोललं नाही."

"मंग बरं झालं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.